ओवाळणीतला ट्रायटन

माझ्या मुलाला नेपच्यूनच्या चंद्रावर जायचा नाद होता. नाद म्हणजे कॉम्प्युटरवरचा. सांगलीत तो एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. दोन्ही किडन्या गेल्या आणि शिकवणं सुटलं, तेव्हा क्लासच्या मालकानं एक जुना कॉम्प्युटर आमच्या खोलीवर आणून ठेवला. नुसता पडून राहतोस, निदान बोटं तरी हलव, म्हणाला. त्यात यान उडवायचा एक खेळ होता. खेळ म्हटलं की मुलगा चिडायचा. खेळात गुण मिळतात, यात काही मिळत नाही, म्हणायचा. खरं यान जसं चालतं तसं हे चालतं. वळवलं की लगेच वळत नाही, थांबवलं की लगेच थांबत नाही.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. नवरा आधीच गेला होता. आमच्या कुंडल गावचा ऊस वाट्यानं लावून मी मुलासोबत सांगलीत राहिले होते, हॉस्पिटलच्या मागच्या बोळात एका खोलीत. आठवड्यातून दोनदा त्याला रक्त धुवायच्या मशीनला जोडायचे. डाव्या हाताच्या शिरा एकमेकींना जोडून फुगवल्या होत्या. तिथं हात ठेवला की आत घुरघुरायचं, मांजर घुरघुरतं तसं. मी रोज सकाळी हात ठेवून बघायची. घुरघुर आहे म्हणजे मशीन चालेल.

पाणी मोजकं. दिवसाला एक लहान तांब्या, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. उन्हाळ्यात त्याची जीभ टाळूला चिकटायची. शेजारणीच्या फ्रिजमधून मी बर्फाचा खडा आणून द्यायची, तो गालात धरून बसायचा. गावाकडची माणसं भेटायला यायची ती शहाळी घेऊन. किडनीच्या माणसाला शहाळं म्हणजे विष, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण आजाऱ्याकडं शहाळं न्यायचं हे आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यातून कोण काढणार? मी ती त्यांच्यासमोर फोडायची आणि स्वतः प्यायची. पाव्हणे बघत राहायचे. बाई आजाऱ्याच्या तोंडचं पिते, असं कुंडलला बोललं गेलं. बोलू दे.

मशीनच्या दुसऱ्या दिवशी त्याला जरा बरं असायचं. तेव्हा तो कॉम्प्युटर लावायचा आणि निघायचा. पडद्यावर आधी आपली पृथ्वी, मग काळोख. प्रवासाला वर्षं लागायची, पण वर्षं पळवायची एक कळ होती. मी भात टाकायची आणि भात होईपर्यंत हा नेपच्यूनला पोचलेला असायचा. निळा गोळा, निळीच्या पाण्यासारखा. त्याच्याभोवती हा चंद्र. नाव ट्रायटन.

मला तो ओढून बसवायचा. मी चौथी शिकलेली, पण चंद्र बघायला शिक्षण लागत नाही.

"तिथं काय पिकतं?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"पाणी?"

"बर्फ हाय. पर आपल्यासारखा न्हाई. हवा गोठून झालेला."

"हवा गोठती व्हय?"

"थंडीच तेवढी हाय, आये."

"मग कुंडलात काय वाईट हुतं? निदान हवा हवेच्या जागी हाय."

तो हसला. हसला की त्याला धाप लागायची, म्हणून मी फार हसवत नसे.

तो चंद्र खरबुजाच्या सालीसारखा होता. खड्डे, शिरा, मधेच गुलाबी डाग. एका ठिकाणी जमिनीतून काळा धूर वर जाताना दाखवला होता. तिथून सूर्य म्हणजे एक मोठी चांदणी. आणि बाकीचे चंद्र ज्या अंगानं फिरतात त्याच्या उलट हा फिरतो, असं मुलगा म्हणाला. पण अर्ध्याहून जास्त भाग नुसता करडा होता. सारवलेल्या भिंतीसारखा सपाट, ना खड्डा ना शीर.

"हिकडं काय झालं?" मी म्हणाले.

"तिथं एकदाच यान गेलं हुतं, आन ते न थांबता पुढं निघून गेलं. जेवढी बाजू दिसली तेवढीच दिसली. उरलेल्याचा फोटोच न्हाई कुणाकडं. खेळ करणाऱ्यानं मग नुसता रंग फासला."

"खेळ म्हणू नको म्हणतोस ना?"

"बरं, खेळ."

तो नेहमी त्या करड्या बाजूला उतरायचा. यान हळूहळू खाली यायचं, आकडे कमी कमी व्हायचे, आणि टेकलं की तो हात मागं घ्यायचा. तिथून परत तो कधी निघाला नाही. टेकलं की बंद करायचा. मी एकदा विचारलं, परत यायचं नाही का? म्हणाला, तेवढं इंधन उरत नाही. पुढं मी विचारलं नाही.

गणपतीच्या सुमाराला डॉक्टरनं सांगितलं की किडनी मिळाली तर बघा, नाहीतर असं किती दिवस रेटणार. घरच्याच माणसाची लागते. माझी चालेना, मला साखर. राहिली माझी मुलगी. त्याच्या पाठची. पाटणला दिलेली, नवरा फौजेत, पदरात वर्षाची पोर. रक्ताचा गट दोघांचा एकच, हे तिच्या बाळंतपणात कळलेलं होतं.

मी एसटीडी बूथवरून पाटणला फोन लावला आणि सरळ सांगितलं. मुलगी म्हणाली, विचारते. कुणाला विचारते ते मला ठाऊक होतं. जावयानं तिकडून सीमेवरून कळवलं, घरातले म्हणतील तसं. आणि घरातले म्हणजे तिचे सासूसासरे. ते काहीच म्हणाले नाहीत. फक्त दिवाळी जवळ आली तेव्हा निरोप आला, यंदा पोरगीला सर्दी-पडसं हाय, सुनेला दिवाळीला पाठवत न्हाई.

आमच्याकडं लेक दिवाळीला माहेरी यायची म्हणजे भाऊ तिला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की त्याला रिकामा परत लावत नाहीत. सासू कितीही खाष्ट असली तरी लावत नाही, गावात नाचक्की होते. मी मुलाला म्हणाले, "निरोपाला काय अर्थ न्हाई. तू मुराळी म्हणून जा. दारात हुबा राहा."

"मला एसटीत बसवंल?"

"बसवंल. मी हाय बरूबर."

"मुराळ्याची आई कवा बरूबर जाती का?"

"आजारी मुराळ्याची जाती."

भाऊबीजेलाच निघालो. आदल्या दिवशी मशीनवर धुऊन घेतलं होतं त्याला. सांगली ते कऱ्हाड, कऱ्हाडला गाडी बदलून पाटण. खिडकीशी बसून तो रुमाल तोंडावर धरून होता. पायावर सूज होती, चपला कशाबशा घातलेल्या. पाटणला उतरलो तेव्हा डोंगरावरून थंड वारं येत होतं आणि त्याचे ओठ काळे पडले होते.

विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. मग गूळपाणी आलं. मुलानं पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला.

"आमच्या घरचं पाणी गोड लागंना व्हय, पाव्हणं?" विहीण म्हणाली. हसतच म्हणाली, पण म्हणाली.

त्यानं पेला उचलला आणि सगळा प्याला. मी बघत होते. अर्ध्या दिवसाचं पाणी त्यानं तिच्या तोंडावर मारायच्या ऐवजी घशात ओतलं. गुळाचा खडा मात्र हातातच धरून ठेवला.

व्याही खाटेवर बसले होते. ऊन, ऊस, भाव, सगळं विचारलं. किडनी सोडून सगळं. मी उठून चुलीकडं गेले. मुलगी करंज्या तळत होती. पोर कमरेला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "कसा झालाय गं त्यो. चेहरा वळखू ईना."

"बघितलंस न्हवं? मग ऐक. ओवाळताना तो म्हणंल, काय पाहिजे माग. तवा म्हणायचं, मला माहेरी ने. एवढंच. बाकी काय बोलू नको. दिव्यासमोर मागितल्यालं भावाला द्यावंच लागतं, आन मुराळ्याला तुझी सासू अडवू शकत न्हाई."

"बरं."

"बरं न्हाई. मागशील का सांग."

"मागते की, आये."

झाऱ्यातली करंजी तिनं ताटात टाकली. मला तेवढा होकार पुरेसा वाटला.

पाटाभोवती रांगोळी काढली. मुलगा बसला. डोक्यावर टोपी, कपाळाला टिळा, अक्षता. तिनं सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली, मग दिवा. लहानपणी दोघांचं भांडण झालेलं असलं की ओवाळताना ती निरांजन मुद्दाम त्याच्या नाकाजवळ आणायची, तेही तिनं केलं. सगळे बसलेले होते. सासू, सासरे, शेजारच्या दोन बाया. मुलानं पिशवीतली साडी काढून ताटात ठेवली आणि म्हणाला, "आन? काय पाहिजे माग."

तिनं एकदा सासऱ्याकडं बघितलं. मग एकदम हसली.

"फोनवर लय सांगत असतोस ना दादा, त्यो तुझा चंद्र. कुठला त्यो, लांबचा. त्यो दे मला."

शेजारणी हसल्या. व्याही मोठ्यानं हसले. विहीणबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. "सूनबाई, मागितलंस ते बी असलं," म्हणाल्या, "आकाशातला चंद्र मागती, बघा की वं."

मुलगा हसला नाही. तिच्याकडं बघत होता. मग म्हणाला, "दिला."

"दिला?"

"दिला म्हणलं ना. तुझा झाला."

झालं. मागून झालं, देऊन झालं, मग तिला न्यायचं कुणी काढलंच नाही. जेवणं झाली. दुपारच्या गाडीनं आम्ही परत फिरलो. ती वेशीपर्यंत आली, पोरीला मामाला पापा द्यायला लावला, आणि माझ्याकडं न बघता मागं फिरली.

कऱ्हाडच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मी म्हणाले, "लबाड निघाली."

"भ्याली ती."

"भ्याली तर भ्याली. मागायला काय जात हुतं?"

"सगळंच जात हुतं की," तो म्हणाला आणि डोळे मिटून बसला. शेंगा विकणाऱ्यानं दोनदा विचारलं. मी त्याला पिटाळलं.

सांगलीला आल्यावर त्यानं कॉम्प्युटर लावला नाही. मशीनच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हणाले, आज चंद्रावर नाही का जायचं? म्हणाला, "त्यो तिचा हाय आता. ओवाळणीत दिल्यालं परत वापरायचं नसतं."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो खरंच लावेना. मी म्हणाले, दुसरे चंद्र असतील की तुझ्या त्या यंत्रात, तिकडं जा. एकदा कुठल्या तरी चंद्रावर गेला, पिवळा होता, पण उतरायच्या आधीच बंद केलं. मग मी माझं जुनं लुगडं त्या पडद्यावर टाकलं, धूळ बसू नये म्हणून. दिवसभर तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. मला मुलीचा राग आला तो तेव्हा. किडनी दिली नाही त्याचा एवढा नाही. ती देणं सोपं नाही हे मलाही कळतं. पण याच्याकडं दिवस काढायला एवढंच होतं, आणि तिनं हसण्यावारी नेण्यासाठी तेच मागून घेतलं.

माघात ती आली. एकटीच, दुपारची, हातात एक पिशवी. पोर नव्हती. दारात उभी राहून म्हणाली, "मी देते. कुठं तपासायचं ते सांगा."

मुलगा उठून बसला. आधी विचारलं, "पोर कुठाय?"

"ठिवून घेतली. जायाचं तर जा म्हणाले, पोर आमची हाय."

"मग आलीस कशी?"

"एसटीनं."

मी तिला जेवायला वाढलं. ती खाली मान घालून जेवली, दोनदा भात घेतला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मी तिला हॉस्पिटलात नेलं, रक्त दिलं, लघवी दिली. पुढच्या तपासण्या पुण्याला करायच्या होत्या, त्याची तारीख घ्यायची ठरली.

त्या दुपारी मुलानं पडद्यावरचं लुगडं काढलं. "ये, तुझा चंद्र बघ. तूच उतरव."

ती खुर्चीवर बसली. तो मागं उभा राहून सांगत होता, ही कळ दाब, आता सोड, आता परत दाब. तिला काही जमेना. यान गिरक्या घ्यायला लागलं.

"आरं दादा, हे तर चक्की झालं."

"उलटी कळ दाब. उलटी. आगं दुसरी उलटी."

"ह्यो करडा भाग काय हाय?"

"तिकडचा फोटो न्हाई."

"म्हंजी तिथं काय हाय ते कुणालाच ठावं न्हाई?"

"न्हाई."

"आन तू तिथंच उतरायचास?"

"तिथं कुणी आपली चूक काढत न्हाई."

तिनं यान आपटलं. पडदा लाल झाला, काहीतरी इंग्रजी आलं. दोघं हसली. तिनं परत लावलं, परत आपटलं. त्याला धाप लागली तरी तो हसत होता. मी बाहेर पायरीवर तांदूळ निवडत होते, मला आतलं ऐकू येत होतं.

त्यानंतर एक दिवस गेला आणि व्याही आले. पोरीला घेऊन. पोरगी रडून रडून घोगरी झालेली, नाक वाहत होतं. व्याह्यांनी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत पोरीला खाली ठेवलं.

"दूध घेईना," म्हणाले. "घेऊन आलो. आता तुमीच सांगा, हिला आईबिगर ठेवायची का?"

मुलीनं पोरीला उचललं आणि कोपऱ्यात बसून पाजायला घेतलं. पोर हुंदके देत पीत होती.

"कोण ठेवा म्हणलंय आईबिगर?" मी म्हणाले. "तुमची सून मरत न्हाई. डॉक्टर म्हणलाय, एका किडनीवर माणूस चांगला जगतो."

"डॉक्टर म्हणतो. उद्या हिचं काय कमीजास्त झालं तर डॉक्टर येणार हाय का भाकऱ्या करायला? माझा पोरगा तिकडं सीमेवर. तुमचा एक चाललाय, दुःख हाय, मला कळतं. पर दोन गेली तर आमचं घर बसतंय."

तो माणूस ओरडत नव्हता. ओरडला असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

"मी न्हाई येत, मामंजी," मुलगी कोपऱ्यातून म्हणाली. "हिला हितंच ठिवते. तपासणी करून मग येते."

"मग कायमचीच राहा," व्याही म्हणाले. "पोर मात्र जाईल माझ्यासंगं."

ते पुढं झाले. मुलीनं पोरीला गच्च धरलं. पोर परत रडायला लागली. तेव्हा माझा मुलगा खाटेवरून बोलला.

"मी मुराळी म्हणून दारात आलो तवा आलीस न्हाईस," तो बहिणीला म्हणाला. "चार माणसांत हसण्यावारी नेलंस. आता कशाला आलीस? दया दावायला? मला तुझं काय नको. ऊठ. जा."

"दादा..."

"जा म्हणलं ना. तुझ्या अंगातलं कायतरी माझ्यात घालून मला जगायचं न्हाई. पाव्हणं, घेऊन जावा हिला."

मी म्हणाले, "तुझं तोंड जळो, काय बोलतोस." तो माझ्याकडं बघेचना.

ती उठली. पोर खांद्यावर घेतली, पिशवी व्याह्यांनी घेतली. बोळाच्या तोंडाला व्याह्यांनी तिच्यासाठी रिक्षा थांबवली, ते मी दारातून बघितलं. आत आले तेव्हा मुलगा भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि त्याच्या डाव्या हातावरचा फुगवटा उडत होता, लांबून दिसावा एवढा.

"तिला हाकलायसाठी बोललास," मी म्हणाले.

"मग काय करायचं हुतं?"

"हो म्हणायचं हुतं. पोरीला मी बघितली असती. तो म्हातारा चार दिवस ओरडला असता आन गप बसला असता."

"आन न बसला तर?"

मला उत्तर होतं. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की म्हातारा गप बसला असता. सुनेशिवाय त्यांच्या घरात चूल पेटत नव्हती. पण माझा मुलगा असल्या बाबतीत मऊ होता, बापावर गेला होता.

वैशाखात तो गेला. मशीनवरच, दुपारी. कॉम्प्युटर क्लासवाल्यानं परत नेला, त्याचाच होता.

मुलगी कुंडलला दहाव्याला आली. नवराही आला होता, रजा काढून. तिनं सगळं केलं, स्वयंपाक, पाव्हणेरावळे. मी तिला मागच्या पडवीत धरलं आणि सांगितलं की तो रागानं बोलला नव्हता, तुझी पोर तुला मिळावी म्हणून बोलला.

ती म्हणाली, "आये, तू तिथं हुतीस. तू ऐकलंस त्यो काय म्हणाला."

"ऐकलं. खोटं बोलला."

"त्यो खोटं बोलत नसायचा."

हे खरं होतं. तो खोटं बोलत नसे, आणि एकदाच बोलला ते तिनं धरून ठेवलं. त्यानंतर मी तिला कितीदा सांगितलं. तिच्या नवऱ्यानंही सांगितलं. तिची पोर आता मोठी झाली, तिलाही मी सांगितलंय की तुझ्या मामानं तुला आईजवळ ठेवलं. भाऊ नसलेल्या बाया बीजेला चंद्राला ओवाळतात, तिची सासू तिला दरसाली ताट करून देते, पण ही अंगणात जात नाही. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच कळतं की मी दोघांना जन्म दिला आणि एक दुसऱ्याला वाचवायला निघाली तर दुसऱ्यानं तिला वाचवलं, आणि यात माझ्या हाती काहीच लागलं नाही. ती अजून पाटणहून येते, मला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेते, माझी औषधं आणते. त्याचं नाव निघालं की उठून पाणी प्यायला जाते.